एकदाच उमटणारा ठसा

पेणची रामवाडी मुंबई-गोवा महामार्गावर आहे. गणपतीच्या आधी काही आठवडे या रस्त्यानं मूर्ती भरलेले टेम्पो मुंबईकडे निघालेले दिसतात. पेण शहर आणि आसपासची हमरापूर, जोहे, कळवे ही गावं बारा महिने हेच काम करतात. साच्यातून कच्ची मूर्ती काढायची, वाळवायची, घासून गुळगुळीत करायची, रंगवायची आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. एका साच्यातून मूर्तीमागून मूर्ती निघत राहते, आणि शंभरावी मूर्ती पहिलीसारखीच निघाली तर साचा चांगला.

छपाईमागेही हीच गरज आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईला गिरगावात छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती कोकणातल्या देवघरांपर्यंत पोचल्या. एका चित्रासाठी अनेक दगड लागायचे, प्रत्येक रंगाचा वेगळा, आणि ते सगळे एकमेकांवर अचूक बसावे लागायचे. एवढा खटाटोप करायचा तो एकाच चित्राच्या भरपूर प्रती काढता याव्यात म्हणून. आजचे मुद्राचित्रकार एचिंग, वुडकट, लिथोग्राफ करतात तेही प्रतींच्याच हिशेबानं. चित्राखाली पेन्सिलीनं ७/५० लिहिलेलं असतं. म्हणजे पन्नास प्रतींपैकी ही सातवी. पन्नास झाल्या की प्लेटवर आडवी रेघ ओरखडून ती रद्द करायची, अशी रीत आहे.

मोनोटाइप हा या घराण्यातला अपवाद. यातही प्लेट असते, शाई असते, प्रेस असतं, कागद असतो. फक्त प्लेटवर काही कोरलेलं नसतं. गुळगुळीत पृष्ठभागावर शाईनं चित्र काढायचं आणि ओलं असतानाच कागदावर उतरवायचं. छापून झालं की प्लेटवर पुसट डागांपलीकडे काही उरत नाही. पुन्हा तसंच चित्र हवं असेल तर ते पुन्हा काढावं लागतं आणि ते तसं कधीच येत नाही. म्हणून याच्याखाली १/१ असं लिहितात.

मग छापायचंच कशाला? सरळ कागदावर का काढू नये? संग्रहालयात अमूर्त मोनोटाइपसमोर उभं राहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडणं अगदी रास्त आहे. त्याच्याबरोबर दुसरा प्रश्न येतो, ‘यात आहे काय?’ या दोन प्रश्नांपैकी पहिला जास्त कामाचा. हे कसं झालं असेल, याचा माग काढत गेलं की दुसरा प्रश्न आपोआप मागे पडतो.

तर ते कसं होतं? तांब्याची, जस्ताची किंवा ॲक्रिलिकची सपाट प्लेट घ्यायची. कडा कानशीनं घासून तिरक्या करायच्या, नाहीतर दाबाखाली कागद फाटतो. मग दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे कोऱ्या प्लेटवर ब्रशानं, बोटानं, चिंधीनं शाई लावत जायची. दुसरी याच्या उलट. रोलरनं सगळी प्लेट काळी करायची आणि शाई काढत जायची. फडक्यानं पुसलं की राखाडी उजेड येतो, ब्रशाच्या मागच्या टोकानं ओढलं की पांढरी रेघ येते, रॉकेलात भिजवलेला बोळा फिरवला की शाई विरघळून धुकं पसरतं. अंधारातून उजेड मोकळा करत न्यायचा. ही दुसरी वाट जास्त रंगतदार आहे, कारण तिथं भर घालण्यापेक्षा काय काढून टाकायचं हे ठरवावं लागतं.

तोवर बाजूला कागद भिजत असतो. सुती चिंध्यांपासून केलेला जाड कागद पाण्यात बुडवून, टिपकागदात दाबून, फक्त दमट ठेवायचा. दमट कागद मऊ होतो आणि प्लेटच्या सगळ्या बारीकसारीक जागांपर्यंत पोचतो. प्रेसच्या पाट्यावर प्लेट, तिच्यावर कागद, त्यावर लोकरीची जाड ब्लँकेटं. चाक फिरवलं की लोखंडी रूळ या सगळ्यावरून जातो. दाब इतका असतो की प्लेटच्या कडेचा खोलगट ठसा कागदात कायमचा उठतो. मग कागदाचं एक टोक धरून तो हळूहळू सोलत उचलायचा. आत काय झालंय ते या क्षणापर्यंत चित्रकारालाही दिसलेलं नसतं. शिवाय चित्र आरशातल्यासारखं उलट आलेलं असतं. डावीकडचा भार उजवीकडे गेला की तीच रचना वेगळी वागू लागते.

कागद सोलताना जे घडतं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. शाईचा थर जाड असेल तर छापलेल्या भागात बारीक फांद्या दिसतात, नदीच्या मुखाशी पाणी फाटत जावं तशा. त्या कुणी काढलेल्या नसतात. प्लेट आणि कागद एकमेकांपासून सुटू लागले की मधल्या फटीत हवा घुसते. हवा पातळ, शाई घट्ट. पातळ द्रव्य घट्ट द्रव्याला ढकलू लागलं की त्यांच्यातली सीमा सरळ राहत नाही. तिला बोटं फुटतात, बोटांना आणखी बोटं. सॅफमन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये याचं गणित मांडलं, म्हणून या घटनेला त्यांचं नाव आहे. जमिनीखालचं खनिज तेल पाण्याच्या दाबानं वर ढकलतानाही हीच अडचण येते.

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी मोनोटाइपचाच एक प्रकार केलेला असतो. शाईत बुडवलेला दोरा घडी घातलेल्या कागदात ठेवायचा, वरून वही दाबायची आणि दोरा ओढून काढायचा. उघडलं की फूल, मोर, पिसं. भेंडीच्या ठशांबरोबरच हा तास व्हायचा. स्पॅनिश चित्रकार ऑस्कर डोमिंगेझ यानं १९३६ च्या सुमारास रंग लावलेला कागद दुसऱ्या कागदावर दाबून उचलायची पद्धत अतिवास्तववादी मंडळींत रुजवली आणि माक्स अर्न्स्टनं ती कॅनव्हासवर नेली. शाळेतला तो तास कलेच्या मुख्य रस्त्यावरच होता, एवढं तेव्हा कुणी मुलांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मोनोटाइपचा जनक म्हणून जेनोव्हाच्या जोव्हान्नी बेनेदेत्तो कास्तील्योने याचं नाव घेतात. १६४० च्या दशकात त्यानं शाईनं काळ्या केलेल्या प्लेटवर काडीनं ओरखडत चित्रं काढली आणि छापली. त्याच काळात रेम्ब्रां आपल्या एचिंगच्या प्लेटवर मुद्दाम शाईचा पातळ पडदा ठेवून प्रत्येक प्रतीचा उजेड बदलत होता. १७९५ मध्ये विल्यम ब्लेकनं काही मोठी रंगीत चित्रं जवळपास अशाच पद्धतीनं छापली. समुद्रतळाशी वाकून कंपासनं आकृती काढणारा त्याचा ‘न्यूटन’ त्यांतलाच. तरीही दोनशे वर्षं हे तंत्र आडबाजूलाच राहिलं. प्रती निघत नाहीत त्या छपाईला बाजार कुठून असणार?

हे तंत्र मध्यावर आणलं एडगर देगानं. १८७० च्या दशकात व्हिकोंत लेपिक या मित्राबरोबर त्यानं पहिला मोनोटाइप केला. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या त्या चित्रावर दोघांच्याही सह्या आहेत. मग त्याला याचं वेडच लागलं. आयुष्यात त्यानं तीनशेच्या वर मोनोटाइप केले. प्लेटवर उरलेल्या शाईतून तो दुसरी, फिकट प्रत काढायचा आणि तिच्यावर पेस्टलनं रंगवायचा. या दुसऱ्या प्रतीला मुद्राचित्रकार ‘घोस्ट’ म्हणतात. देगाच्या नर्तकींच्या काही प्रसिद्ध पेस्टल चित्रांखाली असा फिकट ठसा आहे.

यातला अमूर्ताच्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा भाग उशिरा आला. १८९० च्या शरद ऋतूत देगा मूर्तिकार बार्तोलोमे याच्याबरोबर घोडागाडीनं पॅरिसहून बर्गंडीत गेला. दिएने गावी जानियो या चित्रकार मित्राच्या घरी प्रेस होतं. वाटेत बघितलेले डोंगर, कुरणं, धुकं देगानं तिथं आठवणीतून प्लेटवर उतरवलं, या खेपेला काळ्या शाईऐवजी रंगीत तैलरंगानं. चिंधीनं पसरवलेले, बोटानं टिपलेले हे रंग छापून आले तेव्हा त्यांत डोंगर कुठे संपतो आणि नुसता हिरवा डाग कुठे सुरू होतो ते सांगणं कठीण झालं. १८९२ मध्ये ड्युरां-र्‍युएलच्या दालनात ही निसर्गचित्रं मांडली गेली. देगानं स्वतः मांडलेलं हे एकमेव एकल प्रदर्शन. नर्तकींचा चित्रकार म्हणून जग ज्याला ओळखतं त्यानं एकट्यानं मांडायला ही जवळपास अमूर्त चित्रं निवडली, याकडे अजूनही पुरेसं लक्ष गेलेलं नाही. त्यांतली कित्येक पाहताना वाटतं की विसाव्या शतकाच्या मध्यावरचा कुणी अमूर्तवादी इथं येऊन गेला आहे.

पुढचा दुवा चित्रकार पाउल क्ले. त्याची एक खास पद्धत होती. कागदाच्या एका बाजूला काळा तैलरंग फासायचा, ती बाजू खाली करून तो कोऱ्या कागदावर ठेवायचा आणि वरून आपलं रेखाचित्र अणकुचीदार टोकानं गिरवायचं. खालच्या कागदावर रेघ उतरते, शिवाय हाताच्या दाबानं इकडेतिकडे काळे डागही उतरतात. क्लेनं ते डाग पुसले नाहीत, त्यांच्यावर जलरंग चढवले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं त्याचं १९२२ चं ‘ट्विटरिंग मशीन’ असंच झालेलं आहे. त्यातली ती कापरी, केसाळ रेघ ब्रशाची नाही. ती दाबातून आलेली आहे, आणि त्या अर्थानं हा मोनोटाइपचाच सख्खा भाऊ.

क्लेच्या चित्रांनी ज्यांना तरुणपणी झपाटलं होतं त्यांच्यात वासुदेव गायतोंडे होते. जन्म नागपूरचा, १९२४ मधला. घराणं गोव्याचं, वाढ गिरगावातल्या चाळीतली, शिक्षण सर ज. जी. कलाशाळेत. १९४८ मध्ये त्यांनी पदविका घेतली. सुरुवातीच्या त्यांच्या चित्रांत क्लेसारखी रेघ आणि ओळखीच्या आकृती आहेत. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आकृती गळत गेल्या आणि साठच्या दशकात ब्रशाची जागा रोलर आणि पॅलेट नाइफनं घेतली. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तिथं अमूर्त चित्रकार मार्क रॉथकोशी त्यांची भेट झाली.

त्यानंतरच्या गायतोंड्यांच्या कामाची रीत मोनोटाइपच्या माणसाला लगेच ओळखू येईल अशी आहे. कॅनव्हासवर रंगाचे पातळ थर द्यायचे, रोलरनं पसरवायचे, नाइफनं खरवडायचे. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे फाडलेले आणि कापलेले तुकडे रंगावर दाबायचे आणि उचलायचे. कागदाबरोबर कुठे रंग निघून यायचा, कुठे कागदावरचा रंग खाली उतरायचा. जाणकार या पद्धतीला ‘लिफ्ट-ऑफ’ म्हणतात. त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या कॅनव्हासवर दिसणारे अगम्य लिपीसारखे आकार, काठ झिजलेली चिन्हं, आतून उजळल्यासारखे भाग हे बरेचसे अशा दाबण्या-उचलण्यातून आलेले आहेत. संग्रहालयाच्या पाटीवर या चित्रांखाली ‘कॅनव्हासवर तैलरंग’ असंच लिहिलेलं असतं आणि ते बरोबरही आहे. पण हाताच्या हालचालींचा विचार केला तर ही चित्रं रंगवण्याइतकीच छापलेलीही आहेत. मराठी माणसाला मोनोटाइप समजून घ्यायला गायतोंड्यांएवढं जवळचं आणि थोर उदाहरण दुसरं नाही.

२०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचा एक कॅनव्हास २३ कोटींच्या वर गेला आणि ज्यांनी कधी चित्रांचं दालन पाहिलं नाही त्यांनाही ते नाव कळलं. त्या रकमेपेक्षा महत्त्वाचं असं की हे काम सार्वजनिक संग्रहांमध्ये आहे. त्यांचं १९६२ चं एक चित्र म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे आहे. मुंबईत होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी उभ्या केलेल्या संग्रहात गायतोंडे आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०११ पासून जहांगीर निकल्सन यांचा आधुनिक कलेचा संग्रह नांदतो, त्यातही आहेत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. त्या प्रदर्शनाच्या नावात प्रक्रिया हाच शब्द मध्यवर्ती होता.

अमूर्त मोनोटाइप भिंतीवर समोर आला तर बघायचं कसं? आधी पाटी वाचावी. वर्ष, माध्यम, माप. मापं बहुधा दोन असतात, प्लेटचं आणि कागदाचं. ‘मोनोप्रिंट’ लिहिलं असेल तर गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथं प्लेटवर काहीतरी कायमचं कोरलेलं असतं आणि शाई दर वेळी वेगळी लावलेली असते. त्यामुळे एकाच कुळातली पण जुळी नसलेली चित्रं निघतात. पाटी वाचली की चित्राच्या बाजूला सरकावं आणि तिरक्या उजेडात कागद बघावा. प्लेटच्या कडेचा खोलगट चौकोन दिसतो. मग पृष्ठभाग. तैलचित्रावर रंगाचा उंचवटा असतो. मोनोटाइपमध्ये शाई कागदाच्या धाग्यांत जाऊन बसलेली असते, म्हणून सगळ्यात गडद काळासुद्धा सपाट आणि मखमली दिसतो. उजेडाचे भाग पांढऱ्या रंगानं केलेले नसतात, तिथं कागदच उघडा आहे. रोलर थांबला तिथं एक सरळ कड उमटते. फडक्याची वीण, अंगठ्याच्या रेषा, कागद सोलताना फुटलेल्या त्या फांद्या, सगळं सापडत जातं. पाच मिनिटांत त्या माणसाची अर्ध्या तासाची लगबग डोळ्यांपुढे उभी राहते. एवढ्या वेळात ‘यात आहे काय’ हे विचारायचं बहुतेकांचं राहूनच जातं.

अशी चित्रं संग्रहात असूनही भिंतीवर क्वचित दिसतात, याला कारण आहे. कागदाला उजेड सोसत नाही. कागदावरच्या कामांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवतात आणि काही महिन्यांनी चित्र उतरवून आम्लरहित पेटीत ठेवून देतात. कोकणपट्टीच्या हवेत तर जास्तच जपावं लागतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरू लागते आणि आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ती त्याहून पुष्कळ वर असते. रायगडातल्या कुठल्याही जुन्या घरातली फोटोफ्रेम उघडली तर कागदावर तांबूस ठिपके आणि कडेला कसरीनं खाल्लेली नक्षी दिसते. काचेला चिकटलेला कागद सोडवताना चित्रच निघून येतं. म्हणून चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटची फट ठेवतात, आणि मागे साधा पुठ्ठा वापरत नाहीत, कारण त्यातलं आम्ल हळूहळू कागद पिवळा करतं. घरी एखादं मुद्राचित्र असेल तर फ्रेमवाल्याला एवढ्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. भिंत बाहेरच्या पावसाची असेल तर तिसरीही एक आहे, ती भिंत सोडावी.

ज्याला हे करून बघायचंय त्याला प्रेसची गरज नाही. जुन्या फ्रेमची काच, कडांना चिकटपट्टी. तैलरंग किंवा छपाईची शाई, एक छोटा रबरी रोलर, जुनं धोतर फाडून केलेल्या चिंध्या. वर किंचित दमट कागद ठेवून मोठ्या चमच्याच्या पाठीनं मधून कडांकडे घासत जायचं. जोर एकसारखा लागत नाही, त्यामुळे ठसा ठिकठिकाणी तुटतो, पण सुरुवातीला त्याचाही उपयोग होतो. दाब काय करतो ते हाताला कळतं. दुसऱ्या कागदावर ‘घोस्ट’ काढावा, वाळल्यावर त्यावर खडूनं काम करावं. पावसाळ्यात तैलशाई वाळायला कितीतरी दिवस घेते, तेव्हा हा उद्योग दिवाळीनंतरचा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेणाऱ्या चित्रकलेच्या शिक्षकांनी पेण-रोह्याच्या शाळांतून एखादा तास याला द्यायला हरकत नाही. ज्या गावांतली मुलं साचा भरणं आणि आखणी बघतच मोठी होतात, त्यांना छाप आणि हात यांतलं नातं फार समजावून सांगावं लागणार नाही.

या रायगड जिल्ह्याला अमूर्ताचं वावडंही नाही. प्रभाकर बरवे १९३६ मध्ये अलिबागजवळच्या नागावला जन्मले, तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. ते पूर्ण अमूर्तात गेले नाहीत. वस्तूचा आकार तिच्या रोजच्या कामापासून सोडवून पोकळीत ठेवणं हा त्यांचा ध्यास होता. १९९० मध्ये आलेलं त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक चित्र बघायला शिकू इच्छिणाऱ्या मराठी वाचकानं घरात ठेवावं असं आहे. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं.

ते संग्रहालय आणि निकल्सन संग्रह असलेलं वस्तुसंग्रहालय मुंबईत एकाच चौकात समोरासमोर आहेत. रामवाडीहून वडखळ, अलिबाग रस्त्यानं मांडवा आणि तिथून लाँचनं गेट वे गाठलं की पुढे चालत दहा-पंधरा मिनिटं. पावसाळ्यात या लाँच बंद असतात, मग एस.टी. किंवा रेल्वे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं. कागदावरची कामं सतत बदलत असल्यानं त्या वेळी काय मांडलं आहे ते आधी फोनवर विचारून घ्यावं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मुद्राचित्रांची अभ्यासिका आहे. आधी कळवून गेलं की पेटीतलं चित्र टेबलावर काढून दाखवतात. आपल्या संग्रहालयांनी जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या चित्रकलेच्या शिक्षकांसाठी वर्षातून काही दिवस तरी अशी सोय करायला हवी, आणि शिक्षकांनी ती लेखी मागायला हवी.